डिसेंबर-जानेवारीत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात युरोपला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो तो थंडीचा, झेपेल का, आईला झेपेल का, मुलं आजारी पडतील का. मला विचाराल तर थंडी हा या ट्रिपचा मुख्य प्रॉब्लेमच नाही, कपडे नीट असले की ती निभते. खरा प्रॉब्लेम आहे दिवस लहान असण्याचा. डिसेंबरच्या शेवटी प्रागमध्ये सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारला सूर्य मावळलेला असतो, बुडापेस्टला तर चार वाजायच्या आधीच. म्हणजे हातात उजेडाचे जेमतेम आठ तास आणि त्यातही आभाळ बऱ्याचदा राखाडी. आपले लोक उन्हाळ्याच्या आयटनररीवरून कॉपी मारतात, दिवसाला सात ठिकाणं, आणि मग पाच वाजता अंधारात कुठल्यातरी बंद दारासमोर उभे राहतात. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, उजेडात काय करायचं आणि अंधारात काय.

मी हा प्राग (चेक)-व्हिएन्ना (ऑस्ट्रिया)-बुडापेस्ट (हंगेरी) रूट घेतलाय कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तो सोपा पडतो, तिन्ही शहरं एका रेल्वे लाईनवर आहेत, आणि हिवाळ्यात घराच्या आत करण्यासारखं तिथे भरपूर आहे.

पहिली स्टेप: तारखा

तारखा ठरवताना दोनच पर्याय मनात ठेवा. ख्रिसमस मार्केट बघायचीत तर नोव्हेंबरच्या शेवटापासून साधारण २० डिसेंबरपर्यंत जा. गर्दी नको आणि स्वस्तात हवंय तर ६ जानेवारीनंतर जा, तेव्हा हॉटेलं बरीच उतरतात, म्युझियम रिकामी असतात, पण मार्केट गेलेली असतात. आपल्याकडे सगळ्यांना सुट्टी मिळते ती नेमकी २३ डिसेंबर ते १ जानेवारी, आणि तोच काळ सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त बंद. २४ ला दुपारपासून शहर आवरायला लागतं. चेक कायद्याप्रमाणे मोठी दुकानं २४ ला दुपारी बारानंतर बंद, मग २५, २६ आणि १ जानेवारीलाही बंद. हंगेरीत २४, २५, २६ तिन्ही दिवस सुट्टी, आणि २४ च्या संध्याकाळी ट्राम-बसही कमी होतात. तेव्हाच जावं लागणार असेल तर २४ ते २६ हे तीन दिवस व्हिएन्नात काढा असं मी सांगेन, मोठं शहर आहे, काही ना काही उघडं सापडतं. फक्त ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केटसुद्धा बंद असतात हे डोक्यात ठेवा, मोठ्या रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी असतात. २३ ला दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवायची.

मार्केटच्या तारखा पण सगळीकडे सारख्या नाहीत. व्हिएन्नाच्या राटहाउस म्हणजे टाउन हॉलसमोरचं २६ डिसेंबरला उठतं, प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरचं ६ जानेवारीपर्यंत चालतं. त्यामुळे नाताळनंतर जाणाऱ्यांनी उलटा क्रम घ्यावा, बुडापेस्टहून सुरू करून शेवट प्रागला.

दुसरी स्टेप: व्हिसा

तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुठल्या देशाचा? जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाचा, आणि रात्री सारख्या असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरता त्या देशाचा. हे नीट मोजून मगच हॉटेलं बुक करा, ती पण फ्री कॅन्सलेशनवाली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण त्या १५ वर विसंबू नका. डिसेंबरसाठीच्या अपॉइंटमेंट दिवाळीच्या आसपास भरलेल्या असतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकून टाका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, वर व्हिसा सेंटरचा सर्विस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी व्हॅलिड हवा आणि दोन पानं कोरी. बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र, हे नेहमीचंच. आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम घेऊन खात्यात टाकायची ही आयडिया करू नका, स्टेटमेंट वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

विमान शक्यतो एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्या शहरातून परतणारं घ्या, म्हणजे प्रागला आत, बुडापेस्टहून बाहेर, किंवा उलट. रिटर्न स्वस्त दिसतं म्हणून परत प्रागला आलात तर बुडापेस्ट-प्राग सात-एक तासांची ट्रेन आहे, म्हणजे उजेडाचा एक अख्खा दिवस गेला. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलत असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, आणि आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी सिस्टीम आली आहे, त्यामुळे दीड तासाचं कनेक्शन घेऊन धावपळ करू नका. हिवाळ्यात धुकं आणि बर्फामुळे फ्लाइट लेट होतात ते वेगळंच. युरोपातून उडणारं विमान हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही पण जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल एअरलाईनने द्यायचं असतं, काउंटरवर जाऊन मागा, आपण होऊन क्वचितच कोणी देतं.

तिसरी स्टेप: कपडे

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. एक भलामोठा जाड जॅकेट घेतला आणि आत टी-शर्ट, असं चालत नाही, कारण ही शहरं बाहेर शून्याच्या आसपास आणि आत बावीस डिग्री. ट्राममध्ये शिरलं की घाम, उतरलं की तो घाम गार. म्हणून थर लागतात, कांद्यासारखे, एकेक सोलता आले पाहिजेत. अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं, कंबरेच्या खालपर्यंत येणारं जॅकेट. अंगालगत कॉटन नको, ओलं झालं की वाळत नाही. जीन्स एक पुरे, खाली थर्मल घालून.

पैसे खर्च करायचेच तर बुटांवर करा. वॉटरप्रूफ, तळाला खोल खाचा असलेले, आणि जाड लोकरी मोजा घालून बोटं हलतील एवढे सैल. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात. आणि ते बूट निदान महिनाभर आधी इथेच घालून चाला, पुण्यात लोक बघतील तर बघू देत. टोपी कान झाकणारी, हातमोजे मोबाईलचा स्क्रीन चालणारे, मफलर. छत्री फारशी कामाची नाही, वाऱ्यात उलटी होते, हूड बरा. मुंबईत राहणाऱ्यांनी हे सगळं विकत घ्यायच्या आधी नातेवाईकांना विचारा, कोणी ना कोणी सिमला-मनाली-अमेरिका करून आलेलं असतंच आणि जॅकेट कपाटात पडून असतो.

थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त छळतो. हीटरमुळे ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, काहींना नाकातून थोडं रक्तही येतं. व्हॅसलीन खिशात, जाड मॉइश्चरायझर बॅगेत, आणि रात्री ओला टॉवेल रेडिएटरवर टाकून झोपा. पाणी प्यायचं लक्षात ठेवा, तहान लागत नाही म्हणून दिवसभर कोणी पीत नाही. नळाचं पाणी तिन्ही शहरांत प्यायचं असतं, व्हिएन्नात तर ते आल्प्समधल्या झऱ्यांचं येतं, बाटल्या विकत घेण्यात अर्थ नाही. नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट न्या, तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. इमर्जन्सीला नंबर ११२.

आणि हो, फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा आणि तिकिटांचे स्क्रीनशॉट दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

चौथी स्टेप: पैसे

ऑस्ट्रियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. तीन देश तीन चलनं, त्यामुळे फक्त युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड प्राग-बुडापेस्टला वापरलं की परत कन्व्हर्जनचे पैसे कापतात. फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनावरचा बँकेचा जादा चार्ज, नसलेलं एखादं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड सोयीचं, निघायच्या आधी ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा. मशीन विचारेल रुपयात पे करायचं का युरोत, किंवा एटीएम म्हणेल आमच्या रेटने कन्व्हर्ट करू का. उत्तर कायम तिथल्या चलनात. रुपयात आकडा बघून बरं वाटतं पण रेट त्यांचा असतो. रोख हवी तर बँकेच्या इमारतीतल्या एटीएममधून काढा, टुरिस्ट गल्लीतल्या एकट्या उभ्या मशीनमधून नको. प्रागमध्ये काउंटरवर पैसे बदलून रेट फसवा निघाला तर चेक कायद्याने तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, १,००० युरोपर्यंतच्या रकमेचा, पावती मात्र जपा. सुटी नाणी ठेवा, सार्वजनिक टॉयलेटला लागतात. त्यापेक्षा म्युझियम किंवा कॅफेतून निघताना जाऊन यायची सवय लावा, आणि जेट स्प्रे कुठेच नसतो तर एक छोटी बाटली बॅगेत.

पाचवी स्टेप: ट्रेन आणि ट्राम

प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन. तिकिटं जितकी लवकर तितकी स्वस्त, पण एक गोम आहे, युरोपात रेल्वेचं टाइमटेबल डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं आणि त्यानंतरच्या तारखांचं बुकिंग कधी कधी उशिरा उघडतं. तारीख दिसत नाही म्हणून घाबरून बसची तिकिटं काढू नका, थोडं थांबा. सीट रिझर्वेशन वेगळं असतं, थोड्या पैशात मिळतं, नाताळच्या आसपास घ्याच नाहीतर दारात बॅगेवर बसून जावं लागेल. प्रवास अंधारात ठेवा, हा माझा सगळ्यात लाडका नियम. दुपारी साडेतीनपर्यंत शहर बघायचं, बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये, आणि साडेचार-पाचची ट्रेन. सकाळी दहाची ट्रेन घेतली की दिवसाचा सगळा उजेड खिडकीतून शेतं बघण्यात जातो, आणि खरं सांगायचं तर या लाईनवर आल्प्स वगैरे काही दिसत नाहीत.

शहरात दिवसांच्या हिशोबाचे पास घ्या. प्राग आणि व्हिएन्नाच्या मेट्रोला गेट नाहीत, म्हणून फुकट आहे असं नाही, कागदी तिकीट पहिल्या प्रवासाला मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड, आणि चेकर साध्या कपड्यात असतात. बुडापेस्टच्या एअरपोर्टहून मध्यावर नेणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही. बुडापेस्टला ६५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट असं ऐकाल, ते युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे, आपल्या आई-बाबांचं तिकीट काढा.

ट्रॉली बॅग लहान आणि मोठ्या चाकांची. प्रागचे दगडी रस्ते चाकांचा जीव घेतात, आणि व्हिएन्नात बर्फ पडला की फूटपाथवर बारीक खडी टाकतात ती चाकात अडकते. हॉटेल स्टेशनजवळ किंवा ट्रामच्या स्टॉपला लागून, लिफ्ट आहे का ते विचारून. व्हिएन्नात फूटपाथवर भिंतीला टेकवलेल्या तिरक्या काठ्या दिसल्या तर त्यांच्या बाहेरून चाला, छपरावरून बर्फ पडू शकतो अशी ती खूण असते. सकाळी ओल्या दगडांवर न दिसणारा पातळ बर्फाचा थर असतो, पावलं छोटी टाका आणि हात खिशातून बाहेर ठेवा.

सहावी स्टेप: दिवस कसा लावायचा

आता मूळ मुद्दा. उशिरा उजाडतं याचा एक मोठा फायदा आहे, सूर्योदय बघायला पहाटे उठावं लागत नाही. प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर सकाळी साडेसातला जा, दिवे अजून लागलेले असतात, नदीवर धुकं, आणि जिथे दुपारी धक्के खात चालावं लागतं तिथे मोजकी माणसं. तिथून ट्राम २२ ने किल्ल्यावर. किल्ल्याच्या आतल्या इमारती हिवाळ्यात चारलाच बंद होतात, म्हणून तो सकाळीच करायचा, दुपारनंतर नाही. २० डिसेंबरच्या पुढे तिथे असाल तर चौकाचौकात पाण्याच्या मोठ्या टबात जिवंत मासे विकताना दिसतील, कार्प, चेक लोकांच्या नाताळच्या जेवणातला मुख्य पदार्थ. रांगेत आजीबाई मासा निवडताना बघणं हे मला कुठल्याही मार्केटपेक्षा जास्त आवडतं. ओल्ड टाउनचं १४१० सालचं घड्याळ तासाच्या ठोक्याला मिनिटभर हलतं, त्यासाठी अर्धा तास थंडीत उभं राहायची गरज नाही, पाच मिनिटं आधी या.

व्हिएन्ना हे अंधाराचं शहर आहे, चांगल्या अर्थाने. दुपारी तीनला कुन्स्टहिस्टॉरिशेस या कलेच्या म्युझियममध्ये शिरा, कोट गार्डरोबला, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरला, द्या, आणि चित्रकार ब्रुगेलच्या खोलीत जा. तिथे बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं १५६५ सालचं चित्र आहे, बाहेर अर्धा दिवस थंडीत फिरून आल्यावर ते चित्र अगदी वेगळंच भिडतं. काही म्युझियमना आठवड्याची सुट्टी सोमवारी, तेवढं आधी बघा. संध्याकाळी स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी विकायला निघतात, अगदी थोड्या युरोत. आत गेल्यावर आपला मफलर कठड्याला बांधून जागा धरायची पद्धत इथली जुनी, एसटीत रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. पूर्ण तीन-चार तास नाही झेपलं तर इंटरव्हलला निघा, कोणी काही म्हणत नाही. आणि पाय दुखले की कॉफी हाउस. एक मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवा, सोबत पाण्याचा ग्लास येतो, आणि दोन तास बसलात तरी वेटर बिल घेऊन उठवायला येत नाही. मार्केटमध्ये गरम वाइन किंवा मुलांसाठी बिनदारूचा पंच घेताना कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे परत.

शहरांत बर्फ पडेलच असं नाही, बऱ्याचदा नुसती रिपरिप असते. मुलांना बर्फ दाखवायचं कबूल केलं असेल तर व्हिएन्नाहून ट्रेनने सेमरिंगला जा, हजारेक मीटर उंचीवर आहे, सव्वा-दीड तास लागतो. ही डोंगरातली लाईन १८५४ ची, आता जागतिक वारसा, खिडकीतून पूल आणि बोगदे बघतच पोचता. घसरगाडी भाड्याने मिळते. हा दिवस मात्र उजेडातच.

बुडापेस्टला उलटं करा, दिवसा आराम आणि अंधार पडल्यावर भटकंती. चारनंतर दिवे लागले की डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या ट्राम २ मध्ये खिडकीजवळ बसा, पार्लमेंट, पूल, समोरचा किल्ला सगळं एका साध्या तिकिटात, बोटीच्या टूरची मला तरी गरज वाटली नाही. आणि गरम पाण्याचे कुंड सोडू नका. सेचेनी बाथचे बाहेरचे हौद ३८ डिग्रीपर्यंत गरम, वर हवा शून्य, डोक्यावर वाफ. स्विमिंग कॉस्च्युम, टॉवेल आणि स्लिपर घरून न्या, चेंजिंग रूम ते पाणी हे वीस पावलांचं अंतर अनवाणी नको वाटतं. निघताना केस पूर्ण वाळवा, टोपी घाला, मगच बाहेर. मुलं असतील तर वयाची अट आधी वेबसाइटवर बघा. जुन्या ब्लॉगमध्ये गेलेर्ट बाथचं नाव वाचाल, ते ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, काही वर्षं तरी.

सातवी स्टेप: खाणं

शाकाहारींनी सूप बघून घ्यावं, भाजीचं सूप असलं तरी पाणी हाडांचं असतं. चेकमध्ये तळलेलं चीज मिळतं, स्माझेनी सिर, ऑस्ट्रियात केजेश्पेट्झले म्हणजे चीजमधले नूडल्सचे तुकडे, आणि काइझरश्मारन, गोड पॅनकेकचा चुरा, त्यावर जेवण भागतं. हंगेरीत लांगोश, आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ, वर लसूण आणि चीज. मांसाशिवाय हवं हे सांगायला चेकमध्ये 'बेझ मासा', जर्मनमध्ये 'ओने फ्लाइश', हंगेरियनमध्ये 'हूश नेलक्युल'. ज्यांना रोज आमटी-भात लागतो त्यांनी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, तांदूळ आणि मसूर सुपरमार्केटमध्ये मिळतात.

घरून नेताना एक नियम पाळा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, तूप नाही. चिवडा, चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी चालते. फळांचंही तसंच, केळी, नारळ, खजूर, अननस अशी मोजकी सोडली तर कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत, प्रवासातली संत्री विमानातच संपवा.

परत येताना

कोरुना आणि फोरिंट उरवू नका, मुंबईत कोणी धड रेट देत नाही, शेवटच्या दिवशी रोख आधी संपवून मग कार्ड काढा. ऑस्ट्रियात एकाच दुकानात ७५ युरोच्या वर खरेदी झाली असेल तर टॅक्स रिफंडचा फॉर्म दुकानातच मागून घ्या. त्यावर कस्टमचा शिक्का युरोपियन युनियनमधल्या शेवटच्या एअरपोर्टवर मिळतो आणि वस्तू दाखवावी लागू शकते, त्यामुळे ती चेक-इन बॅगेत जायच्या आधी तिथे जा, एअरपोर्टवर नेहमीपेक्षा तासभर लवकर.